धुळाप्पा मास्तर आणि शाळेचा रांजण

धुळाप्पा मास्तर कुणाला आवडत नसत, आणि त्यांनाही कुणी आवडत नसे. येडशीकडच्या एका मेंढपाळाचा हा मुलगा बी.ए. होऊन आमच्या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आला, तो बाहत्तरच्या दुष्काळाच्या तोंडावर. अंगानं वाळका, कपाळावर कायमची आठी. रामराम घातला तर "बरं" म्हणून पुढं चालू लागायचे. मुलांवर हात उचलत नसत, पण असं बोलत, की मारलेलं परवडलं.

शाळा गावच्या सोसायटीच्या लोकांनीच काढलेली. सोसायटीचे चेअरमन महारुद्रराव पाटील, तेच शाळेचेही चेअरमन. पाण्याचा टँकर कुठल्या आळीत आधी जाणार आणि कुठला मास्तर टिकणार, दोन्ही त्यांच्या मर्जीवर. मास्तरांची नेमणूक एका वर्षाची, कच्ची होती. ती पक्की करायचा कागद चेअरमनांच्या कपाटात पडून होता. गावाकडं मास्तरांची म्हातारी आई आणि दोन बहिणी होत्या. मेंढरं चाऱ्यावाचून मेली होती. तो कागद झाला तर चूल, नाही तर काही नाही.

शिकवायची त्यांची तऱ्हा वेगळी. "मराठीत 'ला' लावला की कुणाला दिलं ते कळतं, शब्द मग कुठं बी फेका," पुढं बसलेल्या माणिकप्पाकडं बोट करून ते सांगत. "इंग्रजीला 'ला' न्हाय. तिथं आधी माणूस, मग वस्तू. गिव्ह माणिकप्पा वॉटर म्हणजे माणिकप्पाला पाणी द्या. गिव्ह वॉटर माणिकप्पा म्हणलं, की माणिकप्पाला उचलून पाण्यात टाकल्यागत होतंय. आणि ह्याला टाकायला आडात पाणी तरी कुठंय?"

वर्ग हसला, की ते खवळत. हसायचं नाही, करायचं. वाक्य म्हणत म्हणत ते काम हातानं करायचं, हा त्यांचा नेम. शो मी द स्लेट म्हटलं की पाटी वर. पास हिम द चॉक म्हटलं की खडू शेजाऱ्याच्या हातात. ज्याचं नाव घेतलं तो उठला नाही, तर मागच्यानं उठायचं, तोही बसून राहिला तर त्याच्या मागच्यानं. सहा महिन्यांत आठवीचा वर्ग असा तयार झाला, की शब्द कानावर पडायचा अवकाश, हात हलायचा.

फक्त एक गोष्ट हातानं कधी झाली नाही. व्हरांड्यात पाण्याचा रांजण होता. वस्तीतल्या, म्हणजे बौद्धांच्या, मुलांनी त्याला शिवायचं नाही. कुणीतरी ओगराळ्यानं वरून ओतायचं, त्यांनी ओंजळ धरायची. पाण्याचं वाक्य मास्तर नुसतं तोंडानं म्हणून घेत. त्यांच्याही घरात हीच रीत होती, आणि ती मोडावी असं त्यांच्या मनातही आलेलं नव्हतं.

फाल्गुनात तपासणीचे साहेब आले. चेअरमन खुर्ची टाकून वर्गात बसले. खडू झाला, पाटी झाली, साहेब खूश झाले. घाम पुसत म्हणाले, "मास्तर, पाणी मिळेल का?"

मास्तर ऐटीत म्हणाले, "माणिकप्पा, गिव्ह साहेब वॉटर."

माणिकप्पा साहेबांच्या बुटांकडं बघत थिजला. त्याच्या मागं चांगुणा बसायची, वस्तीतल्या मथुराबाईची मुलगी. ती उठली. थेट व्हरांड्यात गेली, रांजणात ओगराळं बुडवलं, पेला भरला आणि साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी घटाघट पाणी पिऊन पेला परत दिला. "शाबास!"

आपण रांजणाला शिवलो हे चांगुणाला कळलं ते पेला हातात परत आल्यावर. चेअरमन हसत होते, पण साहेबांची जीप दिसेनाशी होईपर्यंतच.

मग त्यांनी रांजण आडवा करायला लावला. दोन दिवसांचं पाणी होतं. पोरं कोरड्या ओठांनी बघत राहिली आणि जमिनीनं ते पाणी पिऊन टाकलं.

ऑफिसात टेबलावर दोन कागद होते. एक मास्तरांच्या पक्क्या नेमणुकीचा. दुसरा चांगुणाचा शाळा सोडल्याचा दाखला. वर्तणुकीच्या रकान्यात 'वाईट' असं लिहिलेलं, आणि वर्गशिक्षकाच्या सहीची जागा मोकळी.

"तुमी ह्याच्यावर करा, म्या त्याच्यावर करतो," चेअरमन म्हणाले.

"तिची वर्तणूक वाईट न्हाय."

"धनगराच्या पोरा, तुला वस्तीचा पुळका कवापासून?"

"पुळका बिळका काय न्हाय. म्या शिकवलं तसं तिनं केलं. वर्गात तेवढी एकच शिकली. बाकीचे तुमच्यावर गेलेत."

"जीभ लई चालती, मास्तर. सही करा."

"करतो की. वाईट म्हंजी काय केलं ते आधी लिहा. रांजण बाटला म्हणून लिहा, खाली तुमची सही ठोका. मग म्या बी करतो."

चेअरमनांनी पेनाला टोपण लावलं. असलं लिहून देणं म्हणजे कायद्याच्या तोंडी जाणं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"भिकंला लागशील."

"लागन."

मास्तरांनी दाखल्याची घडी करून खिशात घातली आणि ते बाहेर पडले. दुसरा दाखला लिहिला तर हा माणूस साहेबांपर्यंत जाईल, म्हणून चेअरमनांनी पोरीचा विषय सोडला. राग सोडला नाही. नेमणुकीचा कागद कपाटातच राहिला आणि वर्ष सरताच मास्तरांची नोकरी गेली. टँकर आठ दिवस वस्तीकडं वळला नाही. गावानं मास्तरांना शिव्या दिल्या आणि वस्तीनंही दिल्या.

वैशाखात मास्तर नळदुर्गच्या रस्त्यावर दुष्काळी कामावर खडी फोडू लागले. तिथं एका दुपारी मथुराबाई डोक्यावरची खडीची पाटी आपटून त्यांच्यापुढं उभी राहिली.

"तुमच्या इंग्रजीपायी आमच्या माणसांनी दोन कोस चालून पाणी आणलं, मास्तर! माझी सासू वाटंत पडली. कुणी सांगितलं होतं तुमाला?"

मास्तरांनी हातोडा थांबवला नाही. "पोरीनं परीक्षा दिली का?"

"दिली."

"नववीत बसवणार का घरी?"

"बसवणार की नववीत! घरी कशाला बसवू?"

"मग सरका. सावली पडायली खडीवर."

"मेलं, माणूस हाय का दगुड!" म्हणत मथुराबाईनं दोन हात अंतरावर आपली जागा धरली आणि हातोडा उचलला. मुकादमाची शिट्टी होईपर्यंत दोघं एकमेकांकडं पाठ करून खडी फोडत राहिले.