दामाजीने खिडक्या खाडीत उतरवल्या

आमच्या ठाण्याच्या घराच्या खिडक्या खाडीत पोहून आल्यात, हे मी सासरी सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही. न बसू दे. पीठ मी स्वतः चाळून दिलंय.

एक्कावन्न सालचा वैशाख. आदल्या पावसाळ्यात खिडक्यांतून पाणी येऊन भाऊंची, म्हणजे माझ्या वडिलांची, गादी तीनदा भिजली होती. मासे घेऊन येणारी सगुणा आईला म्हणाली, "माजा दादला लाकडाचा काम करतं, बाय." दादल्याने, म्हणजे दामाजीने, जन्मात होडीशिवाय काही रंगवलं नव्हतं, हे मात्र ती बोलली नाही.

दामाजी आला. चार खिडक्यांच्या आठ झडपा उतरवून त्याने अंगणात ओंडक्यांवर पालथ्या घातल्या. काचेच्या तुकड्याने जुना रंग खरवडला, इथवर ठीक. मग होडीला भरतात तसा तेलात भिजवलेला कापूस सांध्यासांध्यांत ठोकायला घेतला. तेल माशाचं. आळीतली सगळी मांजरं आमच्याकडे राहायला आली.

"अरे दामाजी, खिडकी आहे ही," भाऊ म्हणाले.

"पानी ता पानीच, भाऊ. वरून येवो नायतर खालून."

एवढा हट्ट का, ते सगुणेने उंबऱ्याशी बसून रडत सांगितलं. गेल्या वर्षी त्याच्या हातची एक होडी भर खाडीत गळली. होडी नाथाची. नाथाने कोळीवाडाभर बभ्रा केला, आणि तेव्हापासून दामाजीला कुणी होडीला हात लावू देईना. आता नाथाची नवी होडी बांधून झाली होती. तिचे सांधे भरायचं काम मिळालं, तरच दामाजीला पुन्हा चारचौघांत तोंड दाखवता येणार होतं. म्हणून आपले सांधे गळत नाहीत, हे त्याला आमच्या खिडक्यांवर दाखवायचं होतं. मला त्या न पाहिलेल्या नाथाचा असा संताप आला की विचारू नका.

रंग वाळला. भाऊ म्हणाले, लाव आता. दामाजी म्हणाला, पूजा करून पाण्यात उतरवल्याशिवाय नाय लावत. होडीची रीत ती खिडकीची रीत. भाऊंनी डोक्याला हात लावला, पण हो म्हणाले.

हातगाडीवर आठ झडपा, मागे कोट-टोपीत भाऊ, त्यांच्यामागे पिठाचा डबा घेऊन मी.

"बिऱ्हाड हलवताय का?" वाटेत कुणीतरी विचारलं.

"नाही, खिडक्या पोहायला नेतोय," भाऊ म्हणाले. त्यांना त्याचं काही वाटलंसुद्धा नाही.

बंदरावर अख्खा कोळीवाडा लोटला. नाथाही आला, हाताची घडी घालून. दामाजीने प्रत्येक झडपेला कुंकू लावलं, भरतीच्या संथ पाण्यात आडवी सोडली आणि काचांवर कोरडं पीठ भुरभुरवलं. पीठ भिजलं, तर झडप गळली असं समजायचं. शेवटी पायरीवर नारळ फोडला आणि सगळे बघत राहिले. सात झडपा कोरड्या ठाक. पायरीजवळच्या आठवीवर पिठाचा ओला गोळा.

दामाजीने ती लपवली नाही. स्वतः उचलून सगळ्यांसमोर धरली. "ही गलली," म्हणाला. मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं.

नाथा पुढे झाला. ओल्या पिठाला बोट लावलं आणि चाटलं. मेल्याला आत्ता पीठ खायचं सुचतंय, असं माझ्या मनात आलं. त्याने पुन्हा चाटलं. तो गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं.

"गोड हाय," नाथा म्हणाला. "खाडीचा पानी नाय. नारलाचा हाय."

मग ज्याने त्याने बोट लावून बघितलं. भाऊंनीही, टोपी सावरत. सगळ्यात शेवटी दामाजीने.

"उद्या ये," नाथा त्याला म्हणाला. "होडी तयार हाय."

"उद्या नाय," दामाजी म्हणाला. "उद्या भाऊंच्या खिडक्या लावाच्या हायत."

एवढं बोलला आणि आमच्या स्वयंपाकघराची झडप छातीशी धरून ढसाढसा रडला.