कच्चा फोटो

आजच्या यादीत गिरणी, रेशन आणि मुलीच्या अर्जासाठी फोटो अशी तीन कामं होती. फोटोच्या दुकानात पडद्यामागून आवाज आला, "हायपोत टाकलाय बाई, थोडं थांबा." त्या शब्दाने बाकीची कामं राहूनच गेली.

लढाईच्या दिवसांत दादा पलटणीत निघाला, तेव्हा पलूसजवळच्या आमच्या गावात पेटीचा कॅमेरा घेऊन फोटोवाला आला होता. त्याने दादाचा एकच फोटो काढला आणि कागद आईच्या हाती दिला.

"मावशी, ह्यो अजून कच्चा हाय. हायपोचं औषध संपलंय. बुधवारी बाजाराला आलो की पक्का करून देतो. तवर पेटीत ठेवा."

दादा हसला. "आये, जप बरं. न्हाईतर माझं त्वांड इसरशील."

तो गेला. मंगळवारी मी शाळेतून आले, तर अंगणात सांडग्यांच्या शेजारी तो फोटो उन्हात ठेवलेला. उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर खडे. हायपोत न धुतलेला कागद उजेडाने जांभळा-काळा पडला होता, दादाचा चेहरा त्यात उरला नव्हता.

"आये, उन्हात का ठेवलास?"

"कच्चा हाय म्हणाला न्हवं त्यो? म्हटलं, ऊन दाखवलं की पक्का हुईल."

मी तिच्यावर ओरडले. आज तिच्या वयाची झाल्यावर कळतं, तिला जे जे टिकवायचं असे, ते ती उन्हातच घालत आली होती.

दादा परत आला नाही. त्याची उंची, चाल, कपाळावरचा व्रण, सगळं मी वहीत लिहून ठेवलंय. त्यातून चेहरा काही तयार होत नाही.