चिंच लावलेलं रिव्हॉल्व्हर

काळूरामच्या कमरेला रिव्हॉल्व्हर असल्याशिवाय उरणच्या आसपास कुणाला हळद चढत नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. बापाची मिठागरं बंदरात गेली, भरपाईच्या पैशातून सहा ट्रक आले आणि ट्रकांपाठोपाठ परवान्याचं रिव्हॉल्व्हर आलं. त्याने आजवर कुणाचं वाकडं केलं नव्हतं. फक्त बायको सत्यवती दर हळदीला म्हणायची, "ते घरी ठेवा वो. कडेवर नातू नि कमरेला ते! माझा जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाय." काळूराम हसायचा. रुबाब घरी ठेवून माणूस हळदीला काय नुसतं मटण खायला जातो?

या खेपेला मात्र पंचाईत झाली. रविवारी पुतण्याची हळद आणि शनिवारी परवान्याच्या नूतनीकरणासाठी हत्यार पोलीस ठाण्यात दाखवायचं. मागे व्याह्यांबरोबर मुंबईला नेमबाजीच्या रेंजवर जाऊन त्याने पन्नास गोळ्या झाडल्या होत्या. बऱ्याचशा लागल्या, असं तो सांगायचा; व्याही तेव्हा दुसरीकडे बघायचे. तेव्हापासून रिव्हॉल्व्हर न पुसता तसंच कपाटात पडलं होतं. नळीत शिशाचा थर आणि गोळ्यांच्या चक्राच्या तोंडाशी काजळीची सहा वलयं.

शेजारचा जीवन पोलिसांत हत्यारं दुरुस्त करून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "पयलं रिकामं हाय का बघ. तेल मुरू दे. कांडीला तांब्याची बारीक जाळी गुंडाळून नळीत फिरव. नि धीर धर." पहिल्या तीन गोष्टी काळूरामने केल्या. चौथी त्याच्या घराण्यातच नव्हती.

तासभर घासून बोटं काळी झाली, बनियन काळं झालं, वलयं मात्र जागच्या जागी. तसाच जेवायला बसला, तर सत्यवतीने ताटच ओढून घेतलं.

"शिसं हाय ते, पोटात जाईल! साबण लावा आधी. नि ते द्या माझ्याकडं. माझी समई बघता ना कशी असते?"

समई खरंच लखलखीत असायची. काळूरामने गोळ्या कुलपात असल्याची खात्री केली, रिकामं रिव्हॉल्व्हर तिच्या हवाली केलं आणि जेवून आडवा झाला.

उठून बघतो तर ओट्यावर, चिंचेच्या चोथ्याशेजारी, रिव्हॉल्व्हर वाळत पडलेलं. वलयं पुसट झाली होती. काळी झिलई मात्र साफ उतरली होती. हत्यार पांढरंफटक, जत्रेत मिळतं तसं.

शनिवारी ठाण्यात हवालदाराने परवान्यावरचं वर्णन वाचलं, हातातली वस्तू पाहिली, पुन्हा वाचलं. नंबर जुळला म्हणून निभावलं. पण साहेबांनी विचारलंच, "काळूरामशेठ, यात पाणी भरायचं कुठून?" अख्खं ठाणं हसलं. काळूरामला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

रविवारी तो रिकाम्या कमरेने हळदीला गेला. नातवाला कडेवर घेतलं. पोराचा पाय नेहमी तिथल्या लोखंडावर आपटायचा, तो आज मऊ पोटावर पडला. काळूरामला उगाच भरून आलं. मग तो नाचला, चांगला दीड तास.

सोमवारी सकाळी तो चहा पीत बसला होता. आत धाकटी सून कल्पिता भांडी घासत होती आणि सत्यवती तिच्यावर ओरडली, "अगं बाय, भाकरीच्या तव्याला चिंच नको! लोखंडाचा काळेपणा उतरतो. तीस वर्सं झाली, मी एकदा पन लावली न्हाय."

काळूरामचा कप तोंडाशीच थांबला. सत्यवती दारात आली, त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"काय झालं? साखर कमी हाय काय?"

"न्हाय," काळूराम म्हणाला. "बरोबर हाय."