चौकातलं गाणं

माझी बहीण मयुरा पस्तिशीची, पण समज लहान पोरीची. गाणं वाजलं की नाचायची. आमच्या बेसा भागातली हरामखोर पोरं चौकात मुद्दाम गाणं लावत, तिचे व्हिडिओ टाकत आणि लोक हसत. मी भांडलो, शेवटी त्यांच्या पायाही पडलो.

"तिले फेमस करून राहिलो ना दादा, तुमाले काहून त्रास?" ते म्हणाले.

परवा बाबा गेले. तिरडी चौकात आली आणि त्या पोरांनी तेच गाणं लावलं. रडत चाललेली मयुरा तिरडीपुढे येऊन नाचू लागली. मोबाईल वर झाले.

माझ्या हातात विस्तवाचं मडकं होतं. ते वाटेत खाली ठेवत नाहीत, म्हणून मीही ठेवलं नाही. तिला वळसा घालून पुढे गेलो. व्हिडिओत तेवढं स्पष्ट दिसतं.