बाजूला बसलेली

परवा टीव्हीवर शेजारच्या देशांतल्या तरुण पोरींच्या गर्भपाताची चर्चा चालली होती. नेपाळात किती, बांगलादेशात किती, वाढले की घटले. कोटवाली माणसं आकडे फेकत होती. मी टीव्ही बंद केला. माझी नणंद यांच्या कोणत्या आकड्यात आहे, सांगा ना. गावात तर आम्ही कावीळ झाली म्हणून सांगितलं.

ती पिंपळगाव राजाहून रोज एसटीनं खामगावला कॉलेजात जायची, बीएच्या शेवटच्या वर्षाला. जिभेची तिखट. 'वहिनी, वरणात मीठ टाकलं का नुसता डबा दाखवला?' म्हणून मला छळायची.

आमच्या घरात पाळी आली की बाजूला बसायचं. मागच्या खोलीत, पोत्यावर. ताट दारातून सरकवायचं, शिवायचं नाही. पोरगी वेळेवर बाजूला बसली की सासूबाई निर्धास्त. तेवढीच काय ती चौकशी.

हे त्या पोरीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून पाळी चुकली तरी ती ठरल्या वेळी बाजूला बसली. पुढच्या महिन्यातही बसली. आम्ही आपले ताट सरकवत राहिलो. मग तिनं डॉक्टरला न विचारता कुठल्याशा मेडिकलमधून पोट पाडायच्या गोळ्या आणल्या, घेतल्या आणि पुन्हा त्याच पोत्यावर जाऊन बसली. हे सगळं मला दवाखान्यात कळलं.

या वेळी रक्त खरंच जात होतं. पण बाजूला बसलेल्या पोरीचं रक्त कोण पाहतं? 'माय, लय पोट दुखून राह्यलं,' म्हणाली, तर सासूबाई दारातूनच बोलल्या, 'सगळ्याइचंच दुखते. पडून राह्य.' दुपारी मी चहा सरकवला. कप तसाच राहिला. वाकून पाहिलं तर ओठ पांढरेफटक. मी सरळ आत गेले आणि तिला धरलं. हातपाय गार पडले होते.

दवाखान्यात नेताना गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पुटपुटली, 'वहिनी, तू मले शिवली. आता तुले आंघोळ करा लागन.' मला असा राग आला, कोणाचा ते अजून सांगता येत नाही. 'चूप राह्य,' एवढंच म्हटलं.

डॉक्टरणीला तिनं गोळ्यांचं सांगितलं. पण फार उशीर झाला होता. दिवस मावळायच्या आत गेली.

घरी आणल्यावर सासूबाई पुढं आल्या. इतके दिवस दाराबाहेर उभी राहिलेली ती माय खाली बसली, लेकीचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिची वेणी घालायला लागली. बाया म्हणाल्या, 'सोड आता तिले.' सासूबाईंनी सोडलं नाही.