सुंदराक्कांची भीती

देवराज मोहल्ल्यातल्या फुलांच्या दुकानासमोर माझी छाती एकाएकी धडधडू लागली. हातपाय गार पडले. आता आपण मरणार असं वाटून मी रस्त्यातच खाली बसले. लग्न होऊन सांगलीहून म्हैसूरला येऊन तीनच महिने झाले होते, कन्नड येत नव्हतं. तोंडून मराठीच निघालं, "मला भीती वाटतेय." गर्दीतून साठीच्या एक बाई पुढे आल्या. त्यांनी धीर दिला नाही की पाणी दिलं नाही. माझं मनगट धरून विचारलं, "कोण भितंय? नीट बघून सांग."

मला रागच आला. पण उत्तर शोधता शोधता श्वास जरा खाली बसला.

"शरीर कापतंय, श्वास पळतोय, मन कायबाय रचतंय, बुद्धी त्याला खरं म्हणतीय," त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. "हे सगळं तुला दिसतंय नव्हं? मग बघणारी वेगळी. अष्टे!" अष्टे म्हणजे 'एवढंच'. प्रत्येक अवघड गोष्ट सांगून झाली की त्या हा कन्नड शब्द टेकवायच्या.

त्या सुंदराक्का. त्यांचं मराठी बोलणाऱ्या रंगाऱ्यांचं घराणं कैक पिढ्या म्हैसुरात होतं. शाळेत संस्कृत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. भाचा रघू याच्या शिंपीकामाच्या दुकानावर, माडीवर राहायच्या. दर गुरुवारी दुपारी आम्हा चौघींना त्या योगशास्त्र शिकवत. आसनं नाहीत. "आसनं शिकवणारे या गावात गल्लोगल्ली आहेत. मी माणूस आतून कसा असतो तेवढंच सांगते." अन्नावर पोसलेलं शरीर, त्याच्या आत प्राण, त्याच्या आत मन, मग जाणणारी बुद्धी, सगळ्यांच्या आत आनंद, असे पाच कोश. आणि या पाचांनाही बघणारा द्रष्टा. कल्पना, झोप, आठवण या चित्तावर उठणाऱ्या लाटा.

"आठवणसुद्धा?" मी विचारलं होतं.

"आठवणसुद्धा. आठवण म्हणजे तू नव्हं."

मरणाच्या भीतीला शास्त्रात अभिनिवेश म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं. "तो शिकलेल्यालाही सोडत नाही. मला सोडलंय म्हणाले तर मी खोटारडी." माझे भीतीचे झटके हळूहळू कमी झाले. शास्त्रापेक्षा मी अक्कांवर टेकून उभी होते, हे तेव्हा कळलं नाही.

एका गुरुवारी त्यांनी पाठ संपवला, वही मिटली, पुन्हा उघडली आणि तोच पाठ पहिल्या वाक्यापासून सुरू केला. तेच दाखले, त्याच जागी तेच हसू. आम्ही चौघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

महिन्याभराने त्यांनीच सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, विसर वाढत जाणार. आधी नावं जातील, मग माणसं."

आमच्यातली एक म्हणाली, "पण अक्का, आठवण म्हणजे आपण नव्हे, असं तुम्हीच सांगता."

अक्का म्हणाल्या, "सांगितलं खरं. पुस्तकातून सांगितलं. आता अंगावर आलंय. मला लई भ्या वाटतंय गं." जिना उतरून मी दुकानाचा खांब धरून उभी राहिले. त्याच आठवड्यात माझे झटके परतले.

पुढच्या वर्षी एका दुपारी रघूचा फोन आला, "अक्का घरात नाहीत." आम्ही सगळा बाजार पालथा घातला. शेवटी त्या बसस्टँडवर सापडल्या, कृष्णराजनगरची बस लागते तिथे. आजोळच्या त्या गावात त्यांचं लहानपण गेलं होतं. एका पायात चप्पल नव्हती. मी हाक मारली, तशा त्या मागे सरकल्या. "यारु नीनु?" तू कोण, असं कन्नडमध्ये विचारलं, आणि मग मराठीत, अगदी हळू, "आणि मी कोण गं? कोणी सांगतच नाही."

त्या डोळ्यांत धड्यातला प्रश्न नव्हता, नुसती दहशत होती. बघणारी वेगळी, हे माझ्या ओठांवर आलं आणि तिथेच मेलं. "तुम्ही सुंदराक्का. मी वासंती. आपण घरी जाऊ," एवढंच बोलले. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

नंतरच्या एका तपासणीला मी त्यांच्यासोबत गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?" अक्का शोधू लागल्या. त्यांचे ओठ हलत होते. मला बघवेना, मीच नाव सांगणार होते, पण रघूने माझा हात दाबला.

"नाव सापडत नाही," अक्का म्हणाल्या. मग थांबून, शिकवताना बोलायच्या तशा सावकाश, "सापडत नाही, ते मात्र दिसतंय."

रघू खिडकीबाहेर बघू लागला.

त्या हिवाळ्यात अक्का गेल्या. शेवटचे दोन महिने त्या काहीच बोलल्या नाहीत. तेव्हा आत कोणी बघत होतं का, मला माहीत नाही, आणि ते माहीत नसणं मला अजून भिववतं. डॉक्टरांनी तपासणीच्या त्या दिवशी कागदावर लिहिलं ते एवढंच की पेशंटला स्वतःचं नाव सांगता येत नाही. त्यापुढचं अक्कांचं वाक्य कुठेच नोंदलं गेलं नाही, म्हणून ते इथे लिहून ठेवलं.