न विकलेल्या घरांची मतं

सुरतेजवळ भेस्तानच्या आमच्या सोसायटीत निम्म्या घरांना कुलपं होती, तेव्हाची गोष्ट. शोभाबाई मूळच्या अमळनेरकडच्या, नवरा लूमवर कापड विणायला. बिल्डरचा माणूस ललितभाई, त्यानं त्यांना काम दिलं होतं. रोज सकाळी रिकाम्या घरांपुढे रांगोळी काढायची आणि कुणी घर बघायला आलं, की शेजारच्या बंद दारांकडे बोट करून सांगायचं, "तठे मानसे ऱ्हातस." गिऱ्हाइकाला वस्ती ओसाड वाटू नये, एवढाच डाव.

पण शोभाबाईंना गप्प बसणं कुठलं जमायला! रांगोळी काढता काढता त्या बंद दाराला विचारायच्या, "उठनी का व बहीन?" आम्ही हसायचो. पुढे हसणं थांबलं. कारण विचारून झालं की त्या कान देऊन ऐकायच्या आणि मान डोलवायच्या.

त्या वर्षी बिल्डरला आमच्या मोकळ्या प्लॉटवर दुकानं बांधायची होती. आमचा एकुलता एक हातपंप तिथंच. ललितभाईनं पंपापाशी सभा बोलावली. सगळी घरं विकली जाईपर्यंत कारभार बिल्डरचा आणि न विकलेल्या घरांची मतंही त्याचीच, असा नियम त्यानं ऐकवला. नियम कसला, निव्वळ दांडगाई!

सभेआधी शोभाबाई बंद दारांवर थाप मारत फिरल्या होत्या. "आज मना संगे ऱ्हाज्यात व बहिनीस्वन." मला त्यांची कीव आली होती.

दिवेलागणीला मतं घेतली. दुकानं नकोत म्हणून आम्ही सगळ्यांनी हात वर केले. ललितभाई हसला. "अने बंद घर? ए बधानी हा." म्हणजे बंद घरांचा सगळ्यांचा होकार.

"नई," पहिल्या बंद घरातून आवाज आला. बाईचा, अगदी शांत. मग शेजारच्या घरातून. मग ओळीनं शेवटच्या दारापर्यंत.

ललितभाईनं किल्ल्या आणून दारं उघडली. आत धुळीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं, पण प्रत्येक उंबऱ्याच्या आतल्या बाजूला ताजी रांगोळी होती. तो कुलपं न लावताच निघून गेला. दुकानांचा विषय परत कुणी काढला नाही.

पुढच्या आठवड्यात वर्ध्याकडचा रघुनाथ बायकोला घेऊन घर बघायला आला. पहिल्याच दाराशी थांबून म्हणाला, "हे घर खालीच हाय ना, मावशी?"

शोभाबाईंनी रांगोळीचा डबा खाली ठेवला. बंद दारांआडच्या त्या बायांनी शेजारधर्म पाळला होता, आता पाळी शोभाबाईंची होती. दाराकडे बघत त्यांनी पदर सावरला.

"नई भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "तठे मानसे ऱ्हातस."

रघुनाथ पुढे काही विचारणार होता. पण त्याच्या बायकोनं शोभाबाईंचा चेहरा पाहिला आणि नवऱ्याचा हात धरून त्याला पायरीवरून मागे ओढलं.